साष्टीहून साष्टीला

बालमित्रांनो, मुंबईचा नकाशा समोर घ्या बरं! माहीमच्या खाडीपासून वर वसईच्या खाडीपर्यंत बोट फिरवा. वाटेत अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली सगळं लागेल. आमचं मरोळही तिथंच, विमानतळाच्या बाजूला. ह्या सगळ्या भागाचं जुनं नाव ठाऊक आहे का? साष्टी! पूर्वी इथं सहासष्ट गावं होती, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात.

आता गोव्याचा नकाशा उघडा. दक्षिण गोव्यात मडगाव शहर शोधा. ते ज्या तालुक्यात आहे, त्याचं नाव काय? साष्टी! तिथंही सहासष्ट गावांचीच गोष्ट सांगतात. आहे की नाही गंमत?

गंमत इथंच संपत नाही. आपली साष्टी १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली, गोव्याची साष्टी १५४३ च्या सुमारास. आपल्याकडची त्यांची सत्ता चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत, १७३७ ते १७३९ या काळात संपली. गोवा मात्र १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. मरोळच्या गावठाणात फिरताना कोपऱ्याकोपऱ्यावर क्रूस दिसतात, तसेच ते मडगावातही दिसतात. म्हणजे ह्या दोन साष्टी चुलत बहिणीच म्हणा ना!

पण एका बाबतीत गोव्याची बहीण आपल्या पुढे आहे. कोणत्या? फुटबॉलच्या! तेच दाखवायला मी तुम्हाला तिकडे नेणार आहे. फातोर्ड्याचं मैदान बघायचंय आपल्याला. २०१६ मध्ये आशिया खंडातली सोळा वर्षांखालची मुलं आपापल्या देशाचे शर्ट घालून गोव्यात खेळून गेली. चला तर मग!

झुकझुक गाडी, नव्वद बोगदे

मरोळ नाक्याहून मेट्रोनं घाटकोपर, घाटकोपरहून लोकलनं ठाणं, आणि ठाण्याला कोकण रेल्वेची गाडी. मांडवी एक्स्प्रेसनं गेलात तर दिवसाउजेडी सगळं कोकण बघायला मिळतं. ही गाडी सकाळी निघते आणि संध्याकाळ कलल्यावर मडगावला पोचते.

रोह्याच्या पुढं कोकण रेल्वे सुरू होते. २६ जानेवारी १९९८ ला हा मार्ग पूर्णपणे खुला झाला. वाटेत नव्वदहून जास्त बोगदे आहेत. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागतो. तो साडेसहा किलोमीटर लांब आहे! गाडी आत शिरली की डब्यातली सगळी मुलं ओरडतात. पण ओरडून ओरडून घसा दुखायला लागला तरी बोगदा काही संपत नाही.

चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी... मग पेडणे आलं की समजायचं, गोवा सुरू झाला. पुढं मांडवी नदी, त्यानंतर झुआरी नदी, आणि मग मडगाव.

मी दिवाळीच्या सुट्टीत गेले होते. सकाळी जाग आली ती पोंऽऽ पोंऽऽ अशा भोंग्यानं. बघते तर सायकलवर मोठी टोपली बांधून पोदेर आला होता! पोदेर म्हणजे पाववाला. त्याच्याकडची गरम पोई घ्यायची, चहात बुडवायची, आणि निघायचं.

फातोर्ड्याचं मैदान

फातोर्डा हा मडगावचाच एक भाग. तिथं पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम आहे. १९८९ मध्ये ते बांधलं. नवलाची गोष्ट म्हणजे त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला तिथं ऑस्ट्रेलिया आणि श्रीलंका यांचा क्रिकेटचा एकदिवसीय सामना झाला होता. पण गोवेकरांचं मन फुटबॉलमध्ये! आता तिथं एफसी गोवा हा संघ खेळतो. सुमारे एकोणीस हजार माणसं बसतील एवढं ते मोठं आहे.

गोव्यात फुटबॉल आला कसा? १८८३ मध्ये विल्यम लायन्स नावाचे एक पाद्री शिवोली गावात आले आणि त्यांनी तिथल्या मुलांना हा खेळ शिकवला, असं सांगतात. म्हणजे हाही एक शाळामास्तरांचाच उद्योग! तिथून तो गावोगाव पसरला. साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स अशा गोव्याच्या क्लबांनी पुढं सारा देश गाजवला. २०१२ मध्ये तर गोवा सरकारनं फुटबॉल हाच राज्याचा खेळ म्हणून जाहीर केला.

आपल्या स्पर्धेचं दुसरं मैदान होतं बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या शेजारी. मडगावहून पणजीला जाताना झुआरीचा नवा पूल लागतो. तारांनी तोलून धरलेला हा प्रचंड पूल डोळे भरून बघावा असाच आहे. तो ओलांडून पुढं गेलं की बांबोळी येतं.

सोळा देश, चार गट

आता स्पर्धेविषयी सांगते. प्रत्येक खंडाची फुटबॉलची एक मोठी संघटना असते. आशियाची संघटना १९५४ मध्ये स्थापन झाली. तिची कचेरी मलेशियात, क्वालालंपूरला आहे. ही संघटना १९८५ पासून लहान गटाच्या मुलांसाठी स्पर्धा भरवत आली आहे. त्या वेळी ती दर दोन वर्षांनी भरायची. २०१६ ची पाळी भारताकडे आली, कारण पुढच्याच वर्षी सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात व्हायचा होता.

१५ सप्टेंबर २०१६ ला स्पर्धा सुरू झाली. तो दिवस कोणता होता, माहीत आहे? अनंत चतुर्दशी! इकडे मुंबईत बाप्पांना निरोप देण्यासाठी ढोल वाजत होते, आणि तिकडे गोव्यात शिट्टी वाजली.

सोळा संघ होते. भारत, इराण, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती हे एका गटात. जपान, ऑस्ट्रेलिया, व्हिएतनाम आणि किर्गिझस्तान दुसऱ्यात. दक्षिण कोरिया, इराक, मलेशिया आणि ओमान तिसऱ्यात. उत्तर कोरिया, उझबेकिस्तान, थायलंड आणि येमेन चौथ्यात. नकाशावर हे सगळे देश शोधून काढा पाहू!

तुमच्यातला एखादा हुशार लगेच विचारील, "बाई, ऑस्ट्रेलिया आशियात कुठं आहे?" बरोबर! भूगोलात नाहीच. पण फुटबॉलमध्ये आहे. चांगले, तगडे संघ समोर मिळावेत म्हणून ऑस्ट्रेलिया २००६ पासून आशियाच्या संघटनेत सामील झाला.

प्रत्येक गटातले पहिले दोन संघ पुढं जाणार, आणि शेवटच्या चारांत जे पोचतील त्यांना विश्वचषकाचं तिकीट मिळणार, असा नियम होता. भारत यजमान म्हणून विश्वचषकात खेळणारच होता.

मनगट सांगतं खरं वय!

१ जानेवारी २००० ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांनाच ह्या स्पर्धेत खेळता येणार होतं. पण कुणी वय चोरलं तर? शाळेच्या स्पर्धांतसुद्धा मिशा फुटलेला एखादा 'सहावीतला' खेळाडू उतरतो ना, तसं!

त्यासाठी डॉक्टरांनी एक युक्ती काढली आहे. आपल्या मनगटाजवळ, हाडाच्या टोकाला कूर्चेचा एक पातळ थर असतो. हाड तिथून वाढतं. आपण मोठे होत जातो तसा तो थर हळूहळू भरत जातो आणि शेवटी हाड सलग होतं. एमआरआय नावाच्या यंत्रानं मनगटाचं चित्र काढलं की हा थर किती उरलाय ते दिसतं. तो पुरता भरलेला असला, तर मुलगा सतरा वर्षांखालचा असण्याची शक्यता फारच कमी. एमआरआयमध्ये क्ष-किरण वापरत नाहीत, त्यामुळे मुलांना त्या किरणांचा त्रास नाही. कागदावरची तारीख खोटी लिहिता येते, पण हाडांवर कुणाला खाडाखोड करता येत नाही!

आपली मुलं कशी खेळली?

भारताच्या संघाला निकोलाय अॅडम नावाचे जर्मन प्रशिक्षक शिकवत होते. पहिला सामना संयुक्त अरब अमिरातीशी झाला. आपण दोन गोल केले, पण समोरच्यांनी तीन केले. दुसरा सौदी अरेबियाशी, ३-३ बरोबरी. तिसरा इराणशी, आणि त्यात ०-३ अशी सरळ हार! तीन सामन्यांत एक गुण. आपल्याच घरी भरलेल्या स्पर्धेत आपली मुलं पहिल्याच फेरीत बाहेर पडली.

वाईट वाटलं ना वाचून? त्या मुलांना किती वाटलं असेल! पण थोडं थांबा. ह्या इराणचं पुढं काय झालं ते लक्षात ठेवा. आपल्याला पुन्हा त्याच्याकडे यायचंय.

दोन शेजाऱ्यांची अंतिम लढत

२ ऑक्टोबर २०१६. गांधीजयंती, रविवार, आणि नवरात्रातला दुसरा दिवस. अंतिम सामना इराण आणि इराक यांच्यात होता.

हे दोन देश एकमेकांचे शेजारी. १९८० ते १९८८ अशी आठ वर्षं त्यांच्यात भयंकर युद्ध झालं होतं. त्यात लाखो माणसं मारली गेली. मैदानात उतरलेली मुलं मात्र २००० मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेली. त्यांच्या आजोबांनी, वडिलांनी हे युद्ध पाहिलेलं.

आणि आणखी एक गोष्ट ऐका. त्या काळात इराकमध्ये अशांतता होती, म्हणून तिथं मोठे आंतरराष्ट्रीय सामने होऊ शकत नव्हते. इराकच्या मोठ्या संघानं २०१५ आणि २०१६ मध्ये विश्वचषक पात्रतेचे आपले काही 'घरचे' सामने कुठं खेळले असतील? इराणच्या राजधानीत, तेहरानमध्ये! एकेकाळी ज्याच्याशी लढले, त्यानंच खेळायला अंगण दिलं.

गोव्यातल्या त्या अंतिम सामन्यात गोल झालाच नाही. ०-० बरोबरी. मग पेनल्टीचे फटके, आणि त्यात इराक जिंकला. ही स्पर्धा इराकनं पहिल्यांदाच जिंकली. त्यांचा मोहम्मद दाऊद स्पर्धेतला उत्कृष्ट खेळाडू ठरला.

फातोर्ड्याला स्टेडियमच्या बाहेर मला एक काका भेटले. मी मुंबईहून खास मैदान बघायला आले म्हटल्यावर ते हसले. मी इराकच्या मुलांचा विषय काढला. ते लगेच म्हणाले, "हांव आशिल्लों थंय!" म्हणजे, "मी होतो तिथं!" मी विचारलं, "कुणाच्या बाजूनं ओरडत होतात?" तर म्हणाले, "जो बरो खेळता ताचे वटेन!" जो चांगला खेळतो त्याच्या बाजूनं! मला हे फार आवडलं.

शेतातलं मैदान

संध्याकाळी मी मडगावच्या बाहेर एका गावात गेले. भाताची कापणी नुकतीच झाली होती. शेतात धसकटं उभी होती. आणि त्याच शेतात दहाबारा मुलं फुटबॉल खेळत होती! गोल म्हणून दोन बाजूंना दोन दोन काठ्या रोवलेल्या. कुणाच्या पायात बूट, बरेचसे अनवाणी. बांधावर दोन आजोबा बसून मोठमोठ्यानं सूचना देत होते. चेंडू धसकटांवर आपटून कुठंही उडायचा. त्यामुळे ही मुलं चेंडूवरची नजर क्षणभरही हलवत नव्हती.

मी एकाला विचारलं, "पावसात काय करता?" तो म्हणाला, "टीचर, पावसांत शेत तांचें, मागीर आमचें!" पावसाळ्यात शेत शेतकऱ्यांचं, नंतर आमचं! कापणी झाली की गोव्यातल्या कितीतरी गावांत शेतांची अशी मैदानं होतात. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही की फी भरावी लागत नाही.

आमच्या मरोळमध्येही एकेकाळी भातशेती होती. नंतर कारखाने आले, आणि आता कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती येताहेत. सुक्या मासळीचा बाजार आहे, मेट्रो आहे, डोक्यावरून विमानं आहेत. मोकळी जमीन तेवढी कमी आहे. माझ्या वर्गातली मुलं शाळेच्या चिंचोळ्या अंगणात खेळतात. चेंडू भिंतीवर आपटून परत आला की तोही त्यांचा एक खेळाडूच! मुलं हुशार असतात हो, जागा मिळेल तिथं खेळ शोधतात. पण जागा मिळायला तर हवी!

इराणची गोष्ट पुढं

आता वळू या इराणकडे. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकासाठी इराणची मुलं पुन्हा गोव्यात आली, आणि १० ऑक्टोबरला ह्याच फातोर्ड्याच्या मैदानावर त्यांनी जर्मनीला हरवलं. कितीनं? ४-०! म्हणजे आपली मुलं आदल्या वर्षी ज्यांच्याकडून तीन गोलांनी हरली, ते काही साधेसुधे नव्हते.

त्याच विश्वचषकात आपल्या महाराष्ट्रातला, कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, बरं का! त्याआधी १५ सप्टेंबर २०१७ ला आपल्या राज्यात शाळाशाळांतून फुटबॉल वाटले होते आणि एकाच दिवशी लाखो मुलं मैदानात उतरली होती. तुमच्या ताईदादांना विचारा, त्यांना नक्की आठवत असेल.

२०१८ मध्ये आशियाई स्पर्धा मलेशियात झाली. भारत पुन्हा इराणसमोर. ह्या वेळी ०-० बरोबरी! भारतानं व्हिएतनामला १-० हरवलं, इंडोनेशियाशी बरोबरी केली आणि शेवटच्या आठांत धडक मारली. तिथं दक्षिण कोरियानं आपल्याला एका गोलानं हरवलं. तो एक सामना जिंकला असता, तर आपण स्वतःच्या बळावर विश्वचषकात गेलो असतो.

आणि ३० नोव्हेंबर २०२५. स्थळ अहमदाबाद. स्पर्धेचं नाव आता 'सतरा वर्षांखालील आशियाई चषक' असं झालं होतं. पात्रता फेरीचा शेवटचा सामना, समोर पुन्हा इराण! इराणनं आधी गोल केला. पण आपल्या मुलांनी दोन गोल करून सामना २-१ असा जिंकला, आणि २०२६ च्या आशियाई चषकासाठी भारत पात्र ठरला.

आधी ०-३, मग ०-०, मग २-१. पाढ्यासारखं आहे ना?

आता एक कोडं घालते. २०१६ ची मुलं २०१८ च्या संघात नव्हती. २०१८ ची २०२५ मध्ये नव्हती. कशी असतील? वय वाढलं ना! लहान गटाच्या संघाचं असंच असतं. दोन वर्षांत सगळा संघ नवा. मग एका संघानं शिकलेलं दुसऱ्याला कोण देतं?

उत्तर आहे: शिकवणारी माणसं आणि मैदानं! २०१८ मध्ये आणि २०२५ मध्ये भारताचे प्रशिक्षक एकच होते, बिबियानो फर्नांडिस. आणि ते कुठले, सांगा पाहू? गोव्याचे!

मला हे चटकन कळतं, कारण माझंही तसंच आहे. दर जूनमध्ये पहिलीची मुलं नवी येतात. त्यांना पुन्हा 'अ'पासूनच सुरुवात. मागच्या वर्षीच्या मुलांनी गिरवलेला 'अ' ह्या मुलांना येत नसतो. पण फळा तोच असतो, आणि फळ्यापुढं उभं राहणारं माणूस एका वर्षानं शहाणं झालेलं असतं. २०१६ च्या मुलांनी गोव्यात जी हार सोसली ती फुकट गेली नाही, असं मी म्हणते ते ह्याचसाठी. आपल्याला किती पल्ला गाठायचाय हे त्यांच्यामुळं मोजता आलं.

आईबाबांनाही एक सांगायचंय. मुलगा किंवा मुलगी खेळून आली की आपण पहिला प्रश्न काय विचारतो? "जिंकलात का?" त्याऐवजी एकदा विचारून बघा, "आज काय नवीन जमलं?" आणि आपल्या वस्तीतला एखादा मोकळा तुकडा मुलांच्या खेळासाठी राखता येत असेल, तर मोठ्यांनी आवाज उठवायलाच हवा. मुलं खेळतील, पण जागेसाठी भांडणं हे काही त्यांचं काम नव्हे.

आता तुम्ही करा

एक, आशियाच्या नकाशात २०१६ चे सोळाही देश रंगवा.

दोन, तुमच्या घरापासून पायी दहा मिनिटांच्या आत खेळायला किती मोकळ्या जागा आहेत ते मोजा. आजीआजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी किती होत्या? दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा.

तीन, गोव्याला गेलात तर समुद्राबरोबर फातोर्डाही बघा. आणि संध्याकाळी एखाद्या शेताच्या बांधावर थोडा वेळ थांबा. मुलं खेळत असतील तर कुणाच्या बाजूनं ओरडायचं, हे आता तुम्हाला ठाऊक आहेच!